निर्जन बेटाची राखण

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला ‘माणसाविना’. आमचं न्यू जर्सीतलं पार्सिपनी ८०, २८७ आणि ४६ या रस्त्यांच्या बेचक्यात वसलेलं. इथे रात्री दोन वाजताही ट्रकांची घरघर थांबत नाही. निर्मनुष्य जागा म्हटलं की लोक अलास्का किंवा यलोस्टोनचं नाव घेतात. मला लहान जागा हवी होती. एका नजरेत मावेल आणि तिथलं रोजचं काम कसं चालतं ते नीट पाहता येईल, एवढीच.

ती मेन राज्याच्या किनाऱ्याबाहेर मिळाली. ईस्टर्न एग रॉक हे मस्काँगस बेच्या तोंडाशी, खुल्या समुद्राला सामोरं असलेलं सुमारे सात एकरांचं बेट. त्यावर एकही झाड नाही, धक्का नाही, गोडं पाणी नाही, माणसाची कायमची वस्ती नाही. बेटाची मालकी मेन राज्याची आहे आणि पर्यटकांना तिथे उतरायला बंदी आहे. जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत न्यू हार्बर गावातून बोटी निघतात, बेटाला वळसा घालतात आणि परत येतात.

जूनच्या अखेरीस आम्ही गाडी काढली. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, उन्हाळ्यासाठी वेंगुर्ल्याहून आमच्याकडे आल्या होत्या, त्याही बरोबर होत्या. २८७ ने हडसन ओलांडली, मग कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, पोर्टलंड असं करत डॅमरिस्कॉटाला मुख्य रस्ता सोडला. न्यू हार्बर हे लॉबस्टर पकडणाऱ्यांचं बंदर आहे. पाण्यावर रंगीत बोये तरंगत होते. प्रत्येक मच्छीमाराच्या बोयांचे रंग वेगळे, त्यावरून कुणाचा सापळा कुठे आहे ते कळतं. आईंनी हे सगळं फार बारकाईने पाहिलं. मासळीच्या बंदराच्या वासाची ओळख त्यांना कुणी करून द्यावी लागत नाही.

सात एकर

बेट दिसायच्या आधी ऐकू आलं. हजारो टर्न एकदम ओरडत होते. टर्न म्हणजे आपल्या नदीकाठी दिसणाऱ्या सुरयचे जातभाई. त्या कलकलाटामागोमाग विष्ठेचा आणि माशांचा उग्र दर्प आला. मग धुक्यातून ग्रॅनाइटचे धोंडे दिसू लागले. काठाने मोठमोठे, एकमेकांवर रचल्यासारखे पडलेले, आणि मधोमध गवताचा पट्टा. गवताच्या कडेला लाकडी खोपटं, आणि ठिकठिकाणी माणूस कसाबसा बसेल एवढ्या फळ्यांच्या पेट्या.

पफिन हे समुद्रपक्षी पाण्यावर होते, बोटीच्या अगदी जवळ. फोटोत पाहून तो मोठा पक्षी वाटतो, प्रत्यक्षात अर्धा किलोचाही भरत नाही. काळी पाठ, पांढरं पोट, आणि ती नारिंगी-पिवळी-राखाडी चोच. चोचीचे हे रंग विणीपुरतेच असतात. हंगाम संपला की रंगीत कवच गळून पडतं आणि हिवाळ्यातला पफिन मळकट, लहान चोचीचा दिसतो. आखूड पंख हवेपेक्षा पाण्यात अधिक उपयोगी. पाण्याखाली तो पंखांनीच पोहतो आणि ६० मीटरपर्यंत बुडी मारू शकतो. हवेत तरंगून राहण्यासाठी मात्र त्याला मिनिटाला ४०० वेळा पंख मारावे लागतात. एक पफिन चोचीत पाच-सहा मासे आडवे धरून आमच्या डोक्यावरून गेला. जिभेने आधीचे मासे टाळूवरच्या काट्यांना दाबून धरायचे आणि चोच उघडून पुढचा पकडायचा, अशी त्याची रीत आहे.

आई कठड्याला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, “आमच्या वेंगुर्ल्याक पण असलेच दगड आसत गो.” त्या दगडांकडे मी पुढे येणार आहे.

टोप्यांसाठी गेलेले पक्षी

बेटाचं नावच त्याची कहाणी सांगतं. एग रॉक, म्हणजे अंडी गोळा करायची जागा. किनाऱ्यावरचे मच्छीमार आणि शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या या बेटांवर येऊन टोपल्या भरून अंडी नेत. पफिन धोंड्यांमधल्या कपारीत घरटं करतो, म्हणून धोंड्यांवर जाळी टाकली की बाहेर पडणारे पक्षी आयतेच सापडत. मांस खायला, पिसं उशा-गाद्यांना. पफिनची जोडी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे अशा लुटीची भरपाई होणं शक्य नव्हतं. १८८० च्या दशकात एग रॉकवरचे पफिन संपले. विसावं शतक उजाडलं तेव्हा मेनच्या सगळ्या बेटांत मिळून मॅटिनिकस रॉकवर पफिनची एकच जोडी उरल्याची नोंद आहे.

टर्न गेले ते बायकांच्या टोप्यांवर. त्या काळी न्यूयॉर्कच्या बाजारात पिसांना मोठी किंमत होती, नुसती पिसंच नव्हे तर अख्खे भुसा भरलेले पक्षी टोपीवर बसवत. १८८६ मध्ये फ्रँक चॅपमन हा पक्षितज्ज्ञ मॅनहॅटनच्या खरेदीच्या रस्त्यांवरून फिरला आणि त्याने टोप्या मोजल्या. ७०० टोप्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसं होती, आणि त्यांत त्याने ४० जातींचे पक्षी ओळखले. त्याच्या त्या दोन फेरफटक्यांइतका परिणामकारक पक्षिगणनेचा अहवाल मला दुसरा माहीत नाही. पक्ष्यांचा कत्तलखाना झालेलं बेट दूर होतं, पण त्याचं गिऱ्हाईक आमच्या न्यू जर्सीच्या पलीकडच्या तीरावर रस्त्यातून चालत होतं.

चळवळ उभी राहिली. पक्षिरक्षणासाठी ऑडुबॉन संस्था निघाल्या, न्यू जर्सीची १८९७ मध्ये. १९०० मध्ये लेसी कायदा आला, १९१८ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. शिकार थांबली. एग रॉकला आता कुणी हात लावत नव्हतं.

तरीही पफिन आले नाहीत, आणि मला या लेखात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. बेट अनेक दशकं माणसाविना होतं, कायद्याने सुरक्षित होतं, आणि तरी ओसाड राहिलं. कारण माणूस शरीराने तिथे नसला तरी त्याचा कचरा तिथवर पोचत होता. मासळी-कारखान्यांच्या घाणीवर आणि गावोगावच्या उघड्या कचरा-डेपोंवर हेरिंग गल आणि ग्रेट ब्लॅक-बॅक्ड गल यांची संख्या भरमसाट वाढली. हे मोठे कुरव हिवाळाभर कचऱ्यावर जगत आणि उन्हाळ्यात बेटांवर येऊन लहान पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त करत. पार्सिपनीत थंडीच्या दिवसांत रूट ४६ वरच्या दुकानांच्या पार्किंगमध्ये बसलेले गल आपण रोज पाहतो आणि त्यांचा संबंध समुद्रातल्या खडकाशी जोडत नाही. तो संबंध आहे.

पिल्लांना पत्ता शिकवणं

एग रॉकपासून थोड्या अंतरावर, त्याच मस्काँगस बेत हॉग आयलंड नावाचं झाडीभरलं बेट आहे. ऑडुबॉनचं निसर्ग-शिबिर तिथे १९३६ पासून भरतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्टीफन क्रेस नावाचा तरुण तिथे शिक्षक म्हणून आला. मेनच्या पक्ष्यांवरचं राल्फ पामर यांचं १९४९ चं पुस्तक वाचताना त्याला कळलं, की समोरच्या एग रॉकवर एके काळी पफिन होते. त्याच्या मनाने तेव्हा जे घेतलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

त्याचा विचार पफिनच्या एका सवयीवर उभा होता. पफिनचं पिल्लू सुमारे सहा आठवडे कपारीत वाढतं. मग एका रात्री एकटंच बाहेर पडून समुद्रावर जातं आणि दोन-तीन वर्षं जमिनीला पायही लावत नाही. पुढे बहुधा जिथून निघालं त्याच परिसरात ते परततं, आणि पाचेक वर्षांचं झालं की घरटं करतं. म्हणजे पिल्लाने समुद्राकडची पहिली वाट एग रॉकवरून धरली, तर त्याच्या लेखी एग रॉक हेच माहेर ठरेल, असा क्रेसचा तर्क होता. तो खरा ठरेल याची खात्री कुणालाच नव्हती. असा प्रयोग समुद्रपक्ष्यांवर आधी यशस्वी झालेला नव्हता, आणि अनेक जाणकारांना तो वेळेचा अपव्यय वाटत होता. पफिन जगातून नाहीसा होत नव्हता, आइसलंडला आणि न्यूफाउंडलंडला लाखो पफिन होते. मग इथेच कशाला, असा त्यांचा सवाल होता.

१९७३ मध्ये कॅनडाच्या वन्यजीव विभागातल्या डेव्हिड नेटलशिप यांच्या मदतीने न्यूफाउंडलंडच्या विटलेस बेमधल्या ग्रेट आयलंडवरून पहिली सहा पिल्लं आणली. अंतर सुमारे १६०० किलोमीटर. जेमतेम दीड-दोन आठवड्यांची पिल्लं बिळातून हात घालून काढायची, विमानाने आणायची, मग बोटीने बेटावर न्यायची. तिथे हिरवळीचे तुकडे रचून बिळं तयार केली होती. प्रत्येक बिळाच्या तोंडाशी जीवनसत्त्वं घातलेले मासे रोज ठेवायचे आणि बाजूला व्हायचं. पिल्लाला माणसाची सवय लागू द्यायची नाही. निघण्यापूर्वी पायात कडं घालायचं. १९८६ पर्यंत अशी ९५४ पिल्लं एग रॉकवर आणली गेली आणि त्यांतली ९१४ समुद्रावर गेली.

त्यासाठी बेटावरचे मोठे गल हटवावे लागले. संघीय वन्यजीव खात्याने विष घालून ते मारले. पक्षिप्रेमींना ही गोष्ट सांगायला जड जाते, आणि तरी ती सांगितली पाहिजे. जो समतोल माणसाच्या कचऱ्याने बिघडला होता, तो सांभाळायला माणसालाच हात घाण करावे लागले.

लाकडी पक्षी, आरसे आणि टेप

पिल्लं गेली आणि वाट पाहणं सुरू झालं. १९७४, १९७५, १९७६. कुणीही आलं नाही.

क्रेसच्या ध्यानात आलं, की पफिन घोळक्याने राहणारा पक्षी आहे, रिकाम्या खडकावर तो एकटा उतरायला धजावणार नाही. मग लाकडाचे पफिन कोरले, रंगवले आणि धोंड्यांवर खिळवले. जून १९७७ मध्ये पायात कडं असलेला पहिला पफिन परतला. पुढे आरसे बसवले. आरशातलं रूप पाहून पक्षी अधिक वेळ रेंगाळत. तरी घरटं होईना. टर्नसाठीही लाकडी टर्न मांडले आणि त्यांच्या वस्तीचा कलकलाट टेपवरून दिवसभर वाजवला. १९८० मध्ये टर्न पुन्हा तिथे विणू लागले.

टर्नचं येणं पफिनसाठी निर्णायक होतं असं मला वाटतं. टर्न हा वजनाने किरकोळ पण भांडकुदळ पक्षी. वस्तीवर गल आला की शेकडो टर्न त्याच्या अंगावर धावतात. त्यांच्या या पहाऱ्याखाली पफिन निर्धास्त होतो. पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९८१ च्या संध्याकाळी, चोचीत मासे घेतलेला एक पफिन धोंड्यांच्या फटीत शिरला आणि रिकाम्या चोचीने बाहेर आला. आत पिल्लू होतं. सुमारे शंभर वर्षांनी एग रॉकवर पफिन जन्मला होता. त्या हंगामात पाच जोड्या निघाल्या. २०१९ मध्ये त्या १८८ झाल्या.

ही युक्ती इथून जगभर गेली. तेलगळतीने उजाड झालेल्या कॅलिफोर्नियातल्या डेव्हिल्स स्लाइड रॉकवर म्यूर पक्ष्यांना लाकडी प्रतिकृतींनी परत आणलं. जपानमध्ये आखूड शेपटीच्या अल्बट्रॉसची पिल्लं ज्वालामुखीच्या तोरीशिमा बेटावरून मुकोजिमावर नेऊन वाढवली. चीनच्या किनाऱ्यावर अत्यंत दुर्मीळ अशा चायनीज क्रेस्टेड टर्नला २०१३ मध्ये नकली टर्न आणि ध्वनिमुद्रण यांनीच बोलावून घेतलं.

बेटावरचा दिवस

बोट वळसा घालत असताना खोपटाबाहेर दोन-तीन तरुण दिसले. टोप्या घातलेले, टोप्यांवर विष्ठेचे पांढरे ओघळ. मे ते ऑगस्ट इथे पाळीपाळीने संशोधक आणि विद्यार्थी राहतात. ते एका खोलीचं लाकडी खोपटं त्यांच्यात ‘एग रॉक हिल्टन’ म्हणून ओळखलं जातं. झोपायला तंबू. पिण्याचं पाणी, शिधा, गॅस सगळं बोटीने आणायचं. मोठी बोट खडकाला लागू शकत नाही, म्हणून होडी वल्हवत लाट पाहून उतरायचं.

आई बराच वेळ त्या मुलांकडे पाहत होत्या. “मगे ह्या पोरांका रातचा हयसर भय वाटणा नाय?” बोटीवरच्या निसर्गमार्गदर्शकाला मी ते इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, रात्रीच तर बेट जागं होतं. लीचेस स्टॉर्म-पेट्रेल हा छोटा काळपट पक्षी गलच्या भीतीने फक्त अंधारात ये-जा करतो. त्याची बिळं मातीत असतात, आणि तंबूत झोपलेल्याला रात्रभर त्याचं खिदळल्यासारखं ओरडणं ऐकू येतं.

दिवसाचं काम चिकाटीचं आहे. जूनमध्ये रांगेने चालत टर्नचं एकेक घरटं मोजायचं, वरून टर्न डोक्यात चोची मारत असताना. मग धोंड्यांत पोटावर आडवं होऊन, हात खांद्यापर्यंत फटीत घालून पफिनचं पिल्लू शोधायचं, तोलायचं, कडं घालायचं, परत ठेवायचं. फळ्यांच्या पेटीत तासन्‌तास बसून कोणता पक्षी कोणता मासा आणतो ते टिपायचं. माशाची लांबी पक्ष्याच्या चोचीच्या पटीत अंदाजायची. माजलेलं गवत काढायचं, कारण टर्नला उघडी जागा लागते. इथे साधा टर्न आहे, आर्क्टिक टर्न आहे, आणि ईशान्य अमेरिकेत १९८७ पासून संकटग्रस्त ठरलेला रोझिएट टर्नही आहे. त्यांच्याबरोबर लाफिंग गल आहेत, जर्सी शोअरच्या बोर्डवॉकवर हातातला खाऊ पळवणारे तेच. ते टर्नची अंडी खातात, म्हणून त्यांच्यावरही लक्ष ठेवावं लागतं.

हे सगळं गेली पन्नासच्या वर वर्षं दर उन्हाळ्यात चालू आहे. क्रेस २०१९ मध्ये निवृत्त झाले, काम थांबलं नाही. ही माणसं काही वर्षं आली नाहीत, तर गल पुन्हा बेट बळकावतील, टर्न उठून जातील आणि त्यांच्यामागे पफिनही. बोटीतून पाहणाऱ्याला जे आदिम, अस्पर्श निसर्गदृश्य वाटतं, ते रोजच्या मजुरीवर टिकलेलं आहे.

तापलेलं पाणी

गलवर पहारा ठेवता येतो, समुद्रावर नाही. मेनचं आखात जगातल्या बहुतेक समुद्रांपेक्षा वेगाने तापतं आहे. उत्तरेकडून येणाऱ्या लॅब्राडोर प्रवाहाचं थंड पाणी इथे कमी पोचतं आणि गल्फ स्ट्रीमचं उबदार पाणी वर सरकतं. पफिनच्या पिल्लाला लागतात ते हेरिंग, हेक, सँड लान्स असे लांबट, निमुळते मासे. ते थंड पाण्यातले. पाणी तापलं की ते खोल किंवा दूर जातात, आणि त्यांच्या जागी दक्षिणेकडचा बटरफिश येतो.

बटरफिश आकाराने गोलसर आणि रुंद. २०१२ च्या उन्हाळ्यात पाणी विक्रमी तापलं होतं, तेव्हा मेनच्याच सील आयलंडवर बिळात लावलेल्या कॅमेऱ्यासमोर एक पिल्लू भुकेने मेलं. आईबाप मासे आणत होते, पिल्लू ते गिळायचा प्रयत्न करत होतं आणि ते घशातून उतरत नव्हते. जगभरच्या लोकांनी ते थेट पाहिलं. २०२१ चा हंगामही असाच वाईट गेला. मधल्या काही चांगल्या वर्षांत मासेमारीवरच्या कडक नियमांमुळे सावरलेल्या हॅडॉक आणि रेडफिश यांची पिल्लं पफिनच्या कामी आली. म्हणजे खुल्या समुद्रातही काहीच हातात नाही असं नाही.

मेनचे पफिन हिवाळ्यात कुठे जातात, हे बराच काळ गूढ होतं. पायात बसवलेल्या चिमुकल्या उपकरणांनी ते उलगडलं. आधी ते उत्तरेला सेंट लॉरेन्सच्या आखाताकडे जातात, मग हिवाळ्याच्या उत्तरार्धात केप कॉडच्या आग्नेयेला, जिथे समुद्रतळाशी खोल दऱ्या आहेत त्या पाण्यावर येतात. २०१६ मध्ये तो भाग राष्ट्रीय सागरी स्मारक म्हणून घोषित झाला. नकाशावर रेघ ओढून पाहिली, तर ती जागा जवळपास आपल्या न्यू जर्सीच्याच अक्षांशावर येते. फेब्रुवारीत आपण पार्सिपनीत अंगणातला बर्फ उपसत असतो, तेव्हा एग रॉकचे पफिन आपल्या पूर्वेला भर समुद्रात असतात.

वेंगुर्ल्याचे दगड

आईंनी म्हटलेले दगड म्हणजे वेंगुर्ला रॉक्स. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रातला खडकांचा पुंजका, त्यावर दीपगृह. उन्हाळ्याच्या दिवसांत तिथे ब्रायडल्ड टर्न मोठ्या संख्येने घरटी करतात, आणि खडकातल्या गुहेत पाकोळ्या राहतात. या पाकोळ्या स्वतःच्या लाळेने घरटं बांधतात. त्याच घरट्यांचं सूप पूर्व आशियात सोन्याच्या मोलाने विकलं जातं, म्हणून इथली घरटीही चोरून काढली जात. या शतकाच्या सुरुवातीला चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’च्या कार्यकर्त्यांनी वनखात्याला बरोबर घेऊन ही तस्करी उघड केली आणि घरट्यांना संरक्षण मिळवून दिलं. वेळासच्या कासवांच्या अंड्यांची राखण गावकऱ्यांना बरोबर घेऊन उभी करणारी ती हीच संस्था.

तिथेही कथा तीच आहे. बेटावर माणूस राहत नव्हता म्हणून पाकोळ्या वाचल्या नाहीत. कुणीतरी होडी करून गेलं, गुहेत उतरलं आणि पाठपुरावा करत राहिलं, म्हणून वाचल्या. आमच्या आईंनी जन्म वेंगुर्ल्यात काढला, बंदरावरून त्या दीपगृहाचा उजेड पाहिला, पण दगडांवर कोणते पक्षी आहेत हे त्यांना मेनच्या बोटीवर आमच्याकडून कळलं. कोकणातल्या शाळांतल्या मुलांना ते शाळेतच कळायला हवं.

वाचकांना दोन गोष्टी सांगते. मेनमधल्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानाला जाणारी आपली बहुतेक मंडळी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात निघतात. तोवर पफिन समुद्रावर गेलेले असतात. जायचं तर जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत जा, दुर्बीण न्या, आणि पार्सिपनीत उकडत असलं तरी जाड कोट न्या. दुसरी गोष्ट पालकांसाठी. आपल्या घरांतली मुलं उन्हाळाभर कोडिंगच्या आणि गणिताच्या वर्गांना जातात. हॉग आयलंडवर किशोरवयीन मुलांसाठी पक्षि-अभ्यासाची शिबिरं होतात, आणि एग रॉकवर राहून काम करणारे बरेचसे विद्यार्थी विशीतले असतात. एखाद्या उन्हाळ्यात आपल्या मुलामुलींना तिथे पाठवा. या बेटांना दर वर्षी नवे राखणदार लागतात, आणि ते आपल्याही घरांतून जायला हवेत.